बाळंतपणाला परतीचं तिकीट

समोरच्याचं बोलणं मध्येच धरून सरळ करायचं, ही आमच्या विहीणबाईंची खोड. मुंबईच्या विमानतळावर सामान द्यायच्या रांगेत आम्ही दोघी उभ्या होतो, आणि सकाळपासून त्यांनी मला कितीदा सरळ केलं होतं त्याला गणती नव्हती.

मी म्हटलं, "इमान कधी हलतंय?"

"विमान, हौसाताई. आणि ते हलत नाही, सुटतं."

"सुटायला ती काय म्हैस हाय?"

पुढं उभा असलेला एक माणूस फिस्सकन हसला. विहीणबाई हसल्या नाहीत. माझ्या पिशवीचं तोंड उघडं दिसलं म्हणून त्यांनी त्याला गाठ मारली, माझा पदर खांद्यावर नीट बसवला आणि वर म्हणाल्या, "पासपोर्ट हातात धरा. पिशवीत नको."

मी काय त्यांच्या शाळेतली पोरगी होते? साठी उलटलेली बाई. इचलकरंजीत माझा मिरची कांडायचा डंक. हंगामात बायका उजाडायच्या आत डबे घेऊन माझ्या दारात बसतात, आणि चटणीत मीठ किती, लसूण किती, ते मी नुसता वास घेऊन ठरवते. शाळा म्हणाल तर तिसरीपर्यंत. पण माझा पदर नीट करायची हिंमत माझ्या सासूनंतर कुणी केली नव्हती.

विहीणबाई म्हणजे कराडच्या विजयमालाबाई सूर्यवंशी. मुलींच्या शाळेत मोठ्या बाई होत्या. नोकरी सुटली तरी त्यांची शाळा काही सुटली नाही. त्यांचा निशिकांत माझा जावई, माझी दीपाली त्यांची सून. निशिकांत मॉरिशसला कापडाच्या गिरणीत साहेब होता. दीपालीला दिवस गेले, पुढं रक्तदाब वाढला, आणि डॉक्टरनं विमानात पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. लेकीला माहेरी येता येत नाही तर माहेरच लेकीकडं जाईल, असं मी ठरवून टाकलं. तिथवर सगळं ठीक होतं. मग विहीणबाईंनीही बॅग भरली. म्हणाल्या, "मी पण येते. दोघी असलेलं बरं." कुणाला बरं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

आता ते आठवलं की हसू येतं. ते पोर आता शाळेत जायला लागलंय. पण तेव्हा माझ्या मनात एकच होतं. ही बाई बारसं आटोपून परत जावी आणि माझी लेक माझ्या ताब्यात राहावी.

आमची पाळी आली. काउंटरवरची पोरगी बाजूच्या पोरीशी मराठीत बोलत होती, तेवढ्यानंच मला निम्मं पोचल्यासारखं वाटलं.

"कुठली गं तू?"

"चिपळूणची, काकू. पासपोर्ट द्या. मॉरिशस ना? आणि परतीचं तिकीट?"

मी विहीणबाईंकडं बघितलं, विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं.

"परतीचं नाही काढलेलं," विहीणबाई म्हणाल्या. "मॉरिशसला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. मी सगळी माहिती काढली आहे."

"बरोबर आहे, मॅडम. आणि व्हिसा लागत नाही म्हणूनच परतीचं तिकीट लागतं."

"हे कसलं उलटं?" मी म्हटलं.

पोरगी समजूतदार होती. पुढं वाकून सांगायला लागली. "बघा काकू, जिथं व्हिसा लागतो तिथले लोक सगळं आधीच विचारून घेतात. कशाला येताय, कुठं राहणार, कधी जाणार. जिथं लागत नाही, तिथं हेच प्रश्न दारात उभं करून विचारतात. राहायचा पत्ता हवा, खर्चापुरते पैसे हवेत आणि परत जायचं पक्कं तिकीट हवं. तेसुद्धा पाहुण्याला राहायची जेवढी मुदत देतात, तिच्या आतलं. नाहीतर तिथूनच माघारी पाठवतील. म्हणून आम्ही इथंच बघून घेतो."

"म्हंजे दार उघडं हाय, पण उंबऱ्यावर म्हातारी बसलीया."

"अगदी तसंच," पोरगी हसून म्हणाली.

आता परतीचं तिकीट का नव्हतं, ते सांगते. निशिकांतनं जायचं एक आणि यायचं एक अशी वेगवेगळी तिकिटं काढून धाडली होती. मी बघितली आणि म्हटलं, यायचं तेवढं मोडा. बाळंतपणाला निघालेल्या बाईनं परतीचा दिवस ठरवून निघायचं नाही, आणि तोंडानं बोलायचा तर मुळीच नाही. आमच्या घरात हे माझ्या सासूच्या सासूपासून पाळतात. जीव यायचा असतो, त्याच्या आधी आपण जायची भाषा करायची नसते. मला वाटलं, आता विहीणबाई अंधश्रद्धेवर भाषण देणार. मी पदर खोचून तयारच होते. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मोडते मी." फोनवर बोट फिरवलं आणि दोघींची परतीची तिकिटं मोडूनही टाकली. निशिकांतला कळू द्यायचं नाही, हेही त्यांनीच सुचवलं.

लग्न ठरल्यापासून आमचं दोघींचं जुळलं असं ते पहिलंच. त्या खुशीत, का जुळलं, ते विचारायचं मला सुचलं नाही.

"आता काय करायचं?" विहीणबाईंनी विचारलं.

"आत्ता काढलं तरी चालेल. पण काउंटर बंद व्हायच्या आत," पोरगी म्हणाली. "आजचं हे गेलं तर पुढच्या विमानात जागा नाही. त्याच्या पुढच्यात बघावं लागेल."

पुढच्याच्या पुढचं म्हणजे आठवडा उलटून. डॉक्टरनं तर आता कधीही म्हणून सांगितलं होतं. विहीणबाईंनी निशिकांतला फोन लावला आणि आवाज मोठा करून काउंटरवर ठेवला. आम्ही काय केलं ते ऐकून तो ओरडलाच.

"आई! तू मोडलंस? तू? अगं, मी तुला लिहून पाठवलं होतं, परतीचं लागतंच म्हणून! आणि मामी, तुम्ही तरी..."

"जावईबापू, आवाज खाली," मी म्हटलं. "बाळाच्या बापानं वराडायचं नसतं. तिकडनं तिकिटं बघा."

मागनं दीपालीचा आवाज आला. "आई, तू आली न्हाईस तर मी बाळंतच व्हायची न्हाई, सांग त्या लोकांना!"

"सांगते. तू झोप."

काउंटरवरच्या पोरीनं बोटं तयार ठेवली. "काकू, तारीख सांगा."

मी पदर तोंडाला लावला. विहीणबाई चष्मा पुसायला लागल्या.

"काकू? कुठल्या तारखेचं काढू?"

"तारीख आम्ही बोलायची न्हाई," मी म्हटलं.

"मग मी काढू कशी?"

आमच्या मागं गळ्यात उशी अडकवलेला एक बाप्या उभा होता. तो म्हणाला, "आजी, जरा उरका की. आम्हालाही जायचंय."

"तुमच्या आईनं अशी घाई केली असती तर तुम्ही सातव्यातच आला असता. उभं ऱ्हावा."

तो उभा राहिला. तेवढ्या वेळात मला वाट सुचली. मी पोरीला म्हटलं, "हे बघ, बोलायचं न्हाई ते निघालेल्या बाईनं. तू काय आमच्यासंगट येत न्हाईस. तू तारीख म्हण, आम्ही मान हलवतो."

"असं चालेल?"

"रीत माझी हाय. मी म्हणते चालंल."

मला वाटलं, विहीणबाई आता यातली चूक काढणार. त्यांनी काढली नाही. पोरीनं खटखट करून यंत्रात बघितलं आणि तिचा चेहरा जरा पडला.

"मुदत संपायच्या आठवड्यात एकच जागा आहे. दुसरी आहे ती त्याच्या बऱ्याच आधी, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीलाच. मधली सगळी विमानं फिरायला गेलेल्या नव्या जोडप्यांनी भरलीत."

मी बोटांवर मोजलं. पुढच्या महिन्याची सुरुवात म्हणजे बारसं होऊन जेमतेम काही दिवस. म्हणजे एकीनं बाळंतिणीला उभी करून यायचं आणि दुसरीनं नाव ठेवलं की निघायचं.

"थांबा, थांबा!" फोनमधनं निशिकांत म्हणाला. "मला एक सापडलंय. दुसऱ्या देशावरनं आहे. इथनं तिथं एक विमान, तिथनं मुंबईला दुसरं. शेवटच्याच आठवड्यात. दोघी राहू शकता!"

"सर, दोन्ही एकाच तिकिटावर आहेत का?" पोरीनं विचारलं.

"नाही. दोन कंपन्या, दोन तिकिटं."

"मग यांना सामान तिथं उतरवून घ्यावं लागेल आणि बाहेर येऊन परत चढवावं लागेल. म्हणजे त्या देशात शिरणं आलं. एका तिकिटावर असतं तर सामान आपोआप पुढं गेलं असतं. यांना विमानतळाच्या आतच बसून राहता आलं असतं. तसं बऱ्याच ठिकाणी व्हिसाशिवाय चालतं. अर्थात प्रत्येक देशाचं वेगळं असतं. या देशाचं बघा बरं, आपल्याला आत शिरायला व्हिसा लागतो का?"

फोनमधनं खटखट ऐकू आली, मग बारीक आवाज आला. "लागतो."

"कळलं मला," मी म्हटलं. "कराडच्या स्टँडात नुसती गाडी बदलायची तर कुणी विचारत न्हाई. गठुडं घ्यायला गावात शिरलं की गाववाले आडवणार."

"कराडला कुणी कुणाला अडवत नाही," विहीणबाई म्हणाल्या. माझ्या जिवात जीव आला. बाई अजून शाबूत होती.

"तर मग," मी काउंटरवर हात ठेवून म्हटलं, "लांबची तारीख माझी. पहिलं बाळंतपण आईचं असतंय. सासवेचं काम पेढं वाटायचं."

आणि मी उत्तराची वाट बघत राहिले. त्या काय म्हणतील आणि त्याला मी काय म्हणेन, ते इचलकरंजी ते मुंबई सगळ्या वाटेत मी जुळवून ठेवलं होतं. माझी लेक कुठल्या कुशीवर झोपते इथपासनं तिला अळिवाची खीर कशी लागते इथपर्यंत.

विहीणबाई पोरीला म्हणाल्या, "हो. लांबची यांच्याच नावावर टाका."

लंगोट कसून आखाड्यात उतरावं आणि समोरचा गडी जोर न लावताच पाठ टेकून मोकळा व्हावा, तसं झालं मला. जिंकल्याचा आनंद म्हणून नाही. उलट रागच आला.

"मग मॅडम, तुमचं पुढच्या महिन्यातलं," पोरगी म्हणाली. "गुरुवार आहे. मान हलवा म्हणजे काढते."

विहीणबाईंनी मान हलवली नाही.

"मॅडम, वेळ होतोय."

"गुरुवार सोडून दुसरा वार नाही का?" त्यांनी विचारलं. एवढ्या बारीक आवाजात ही बाई बोलू शकते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"नाही हो. तो एकच."

"गुरुवारी काय तुमचा उपास हाय?" मी म्हटलं.

"माझी आई गुरुवारी गेली होती."

माझी जीभ जरा आत गेली. "वारल्या?"

"नाही हो. परत गेली. निशिकांतच्या वेळी." त्यांनी आमचे दोन पासपोर्ट काउंटरवर एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या. "कोरेगावहून येतानाच सांगून आली होती, गुरुवारी घेवडा काढायला माणसं लावलीत, गुरुवारी जाणार. बाळ दहा दिवसांचंही नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. घरात दुसरी बाई नाही. मला ताप होता. आई पिशवी घेऊन दारात उभी राहिली, माझ्याकडे बघत. बराच वेळ उभी होती."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, सावकाश जा."

काउंटरवरच्या पोरीची बोटं थांबली होती. मागचा उशीवाला बाप्याही खाली बघत होता. फोनवर निशिकांत ऐकत होता. त्यालाही हे नवीन असावं.

"मला अजून वाटतं, ती माझ्या तोंडाकडे बघत होती," विहीणबाई म्हणाल्या. "थांब म्हटलं असतं तर थांबली असती. किंवा नसतीही. ते काही आता कळायचं नाही."

"म्हणून तिकिटं मोडलीत व्हय?"

"सुनेजवळ कुणीतरी तारीख न ठरवता आलेलं असावं, असं वाटलं. तिच्यावर 'थांबा' म्हणायची वेळच येऊ नये." मग त्यांनी चष्मा वर ढकलला आणि एकदम मोठ्या बाईंचा आवाज काढला. "असो. आता तुम्ही आहातच की तिच्याजवळ. टाका हो ते गुरुवारचं. मी हलवते मान."

"हलवू नका," मी म्हटलं.

"काय?"

"मान हलवू नका म्हणते. पोरी, नावं उलटी कर. लांबची यांची. गुरुवार माझा."

"नक्की ना, काकू? नंतर जागा निघाली तर बदलता येईल, पण तसा शब्द मी देऊ शकत नाही."

"मी कुठं शब्द मागितला?"

"मामी!" असं फोनमधनं जावई आणि "आई गं!" असं लेक, दोघं एकदम ओरडले.

"दीपे, गप. बाळाला पहिल्यांदा हातात घेणार मी. पहिली अंघोळ घालणार मी. बारशाला पाळण्याची दोरी माझ्या हातात. तेवढं झालं की मिरचीचा हंगाम लागतोय. डंक काय कुणाच्या जिवावर सोडू? तुझा भाऊ मिठाचा अंदाज चुकवतोय, आणि नावं मला ठेवतात लोक."

"हौसाताई, असं नका करू," विहीणबाई म्हणाल्या. "पहिल्या बाळंतपणाचा मान आईचा. रीत तुमच्या बाजूची आहे."

"मान माझा हाय म्हणूनच मला देता येतोय. तुमचा असता तर तुम्ही दिला असता का, ते मी बघितलंच असतं."

पोरगी म्हणाली, "वाचते मी. दोघी ऐका आणि मान हलवा." तिनं माझं नाव आणि तारीख वाचली, मी मान हलवली. तिनं विहीणबाईंचं नाव आणि तारीख वाचली. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता, त्या कुठं बघत होत्या देव जाणे, पण मान हलवली. निशिकांतनं तिकडनं पैसे भरले, इकडं यंत्रातनं कागद निघाले आणि आमच्या बॅगा पट्ट्यावर चढून पडद्याआड गेल्या. पोरीनं उठून माझ्या हातात पासपोर्ट दिला. "काकू, तिथं उतरल्यावर विचारलं तर हे परतीचं दाखवा, जावयांचा पत्ता दाखवा. आणि कशाला आलात विचारलं तर लेकीकडे आलोय म्हणा. बाळंतपणाचं काम करायला आलोय म्हणू नका, त्यांना वाटेल नोकरीला आलाय."

"आईला पगार देणारा देश असला तर मी तिथंच ऱ्हाते," मी म्हटलं, आणि मागचा बाप्या उशी धरून हसला.

आम्ही तपासणीच्या रांगेकडं निघालो. विहीणबाई एरवी माझ्या दोन पावलं पुढं असायच्या, आज मागं रेंगाळत होत्या. चष्मा लावला, रुमाल ठेवला, परत काढला. मग भराभर चालत माझ्या बरोबरीला आल्या. मान ताठ.

"एक सांगून ठेवते, हौसाताई. मी तुमच्याकडे काही मागितलं नव्हतं."

मी थांबले. भर वाटेत थांबले, माणसं बॅगा ओढत आमच्या दोन्ही बाजूंनी जात राहिली.

"तेच तर, विहीणबाई. अख्खी शाळा धाकात ठेवलीत, फोनवर इमानाची तिकिटं काढता नि मोडता, पण 'मला पाहिजे' म्हणायला काय तुम्ही शिकला न्हाईत. आता चला. तिथं एक जण येतंय, ते पहिल्या दिवसापासनं बोंब मारून मागणार हाय. मुदतभर त्याच्याजवळ बसा आणि शिकून या."